दलदलीतले मळे, डोंगरावरची कोठारे

मेक्सिको देशाच्या राष्ट्रध्वजावर मधोमध एक चित्र आहे. पाण्यातल्या खडकावर निवडुंग उगवला आहे, निवडुंगावर गरुड बसला आहे आणि त्याने चोचीत साप धरला आहे. देशाचे चिन्ह म्हटले की आपण तलवार, मुकुट, सिंहासन असे काही शोधतो. हे चित्र मात्र एका बेघर जमातीला अखेर पाय टेकायला जागा कुठे मिळाली, त्याची आठवण आहे.

त्या जमातीचे नाव मेशिका. जग त्यांना अझ्टेक म्हणून ओळखते. उत्तरेकडून भटकत भटकत ते मेक्सिकोच्या खोऱ्यात आले, तेव्हा तिथली चांगली जमीन आणि गोड्या पाण्याचे काठ आधी आलेल्यांनी वाटून घेतले होते. या उपऱ्यांना कोणी शेजारी राहू देईना. त्यांच्याच परंपरेत एक हकिगत सांगतात. कुल्हुआकानच्या राजाने त्यांना तिसापान नावाचा खडकाळ माळ दिला. तो विषारी सापांनी भरलेला होता. सापच यांचा निकाल लावतील, असा राजाचा हिशेब. काही दिवसांनी राजाची माणसे पाहायला गेली, तर मेशिकांच्या चुलीवर साप भाजले जात होते! तिथूनही त्यांना हुसकावले गेले. शेवटी तेश्कोको सरोवरातल्या एका चिखलाच्या बेटावर ते थांबले. परंपरेने ते वर्ष १३२५ मानतात. ती जागा त्यांना मिळाली, कारण ती दुसऱ्या कोणालाच नको होती.

पुढे दोनशे वर्षांच्या आत त्याच चिखलावर तेनोच्तित्लान हे शहर उभे राहिले. नोव्हेंबर १५१९ मध्ये एर्नान कोर्तेसबरोबर आलेले स्पॅनिश शिपाई सरोवरातल्या दगडी रस्त्यावरून त्या शहरात शिरले, तेव्हा त्यांचा डोळ्यांवर विश्वास बसेना. शहराची वस्ती दीड ते दोन लाख असावी, असा अनेक अभ्यासकांचा अंदाज आहे. त्या काळी युरोपात एवढी मोठी शहरे हाताच्या बोटांवर मोजण्याइतकीच होती. आणि हे सर्व उभारणाऱ्यांकडे लोखंड नव्हते, बैल नव्हता, घोडा नव्हता, चाकाची गाडी नव्हती. ओझे वाहायला माणसाची पाठ आणि कपाळावर अडकवलेला पट्टा. त्या हमालांना त्लामेमे म्हणत. आपल्याकडचे माथाडी म्हणा ना! पाण्यावर मात्र त्यांच्या हजारो होड्या चालत.

वाचकहो, या लेखात आपण दोन ठिकाणी जाणार आहोत. एक हे मेक्सिकोचे सरोवर आणि दुसरे दक्षिण अमेरिकेतले इंका लोकांचे डोंगर. दोघांनाही निसर्गाने जे दिले ते पाहून कोणीही शेतकरी कपाळाला हात लावील. तिथे अन्न कसे पिकले, कोणी पिकवले आणि पुढे त्याचे काय झाले, एवढेच पाहायचे आहे.

मेक्सिकोचे खोरे समुद्रसपाटीपासून सुमारे २,२४० मीटर उंचीवर आहे. चहूबाजूंनी डोंगर. पाण्याला बाहेर जायला वाट नाही. त्यामुळे पावसाचे सर्व पाणी खाली साठून पाच सरोवरे झाली होती. मधले तेश्कोको सर्वांत खोलगट आणि म्हणून खारट. दक्षिणेची सोचिमिल्को आणि चाल्को ही दोन सरोवरे झऱ्यांच्या गोड्या पाण्याची. जोराचा पाऊस झाला की सरोवरे एकमेकांत मिसळत, खारे पाणी गोड्यात घुसे आणि पीक जळून जाई. १४४९ च्या सुमारास मोठा पूर आला. त्यानंतर शेजारच्या तेश्कोको नगरीचा राजा नेसाहुआल्कोयोत्ल याच्या देखरेखीखाली सरोवरातून सुमारे १६ किलोमीटर लांबीचा बांध घातला गेला. दगड, माती आणि लाकडाचे खांब. त्यात पाणी सोडायला-अडवायला दारे होती. बांधाच्या एका अंगाला खारे पाणी, दुसऱ्या अंगाला गोडे. पिण्याचे पाणी चापुल्तेपेक टेकडीच्या झऱ्यांवरून नळाच्या बांधकामातून शहरात येई. या नळाला शेजारी-शेजारी दोन पन्हळी होत्या. एक साफ करायला काढली की दुसरी चालू. पाणीपुरवठा बंद ठेवण्याच्या सूचना रोज वाचणाऱ्या आपल्यासारख्यांना या व्यवस्थेचे कौतुक वाटल्याशिवाय राहत नाही.

पण खरे पाहण्यासारखे आहेत ते चिनाम्पा, म्हणजे सरोवरात माणसांनी तयार केलेले मळे. पुष्कळ पुस्तकांत यांना 'तरंगती शेते' म्हटलेले असते. ते चुकीचे आहे. काश्मीरच्या दल सरोवरात तरंगणारी शेते खरोखर आहेत. चिनाम्पा मात्र तळाला घट्ट बसलेला असतो.

तो असा तयार होई. उथळ पाण्यात लांबट चौकोन आखून खांब ठोकायचे. खांबांमध्ये बोरूचा कूड विणायचा. मग आत एक थर पाणवनस्पतींचा, एक थर सरोवराच्या तळातल्या गाळाचा, पुन्हा वनस्पती, पुन्हा गाळ, असे रचत जायचे. पाण्याच्या वर हात-दीड हात जमीन आली की कडेने आहुएहोते नावाची झाडे लावायची. हे आपल्या वाळुंजाच्या जातीचे झाड. त्याच्या मुळ्या मळ्याची कड धरून ठेवतात आणि ते सरळ उंच वाढत असल्याने पिकावर फारशी सावली पडत नाही. झाड निवडतानासुद्धा किती विचार! मळा रुंदीला मुद्दाम कमी ठेवत, म्हणजे दोन्ही बाजूंच्या कालव्यांचे पाणी आतून झिरपून मुळांपर्यंत पोचे. थंडीत रात्री हिम पडते, पण सभोवारच्या पाण्यात दिवसाची ऊब साठलेली असल्याने पीक बरेचसे वाचे.

जमीन कधी रिकामी ठेवायची नाही, हा इथला नियम. कडेला चिखलाचा एक पातळ थर पसरायचा. तो अर्धवट वाळला की सुरीने त्याचे छोटे छोटे चौकोन कापायचे, बर्फीच्या वड्या कापतो तसे. प्रत्येक वडीत बोटाने खळगा करून बी टाकायचे. एक पीक शेतात उभे असताना दुसऱ्याची रोपे या वड्यांत तयार होत. काढणी झाली की मातीसकट वडी उचलून मळ्यात लावायची. मुळाला धक्का नाही, दिवस वाया नाहीत. अशा रीतीने मका, घेवडा, भोपळा, टोमॅटो, मिरची, राजगिरा आणि फुले वर्षभर निघत. लांब दांड्याच्या पिशवीने कालव्यातला गाळ उपसून मळ्यावर पसरायचा, की खतही झाले आणि कालवाही साफ झाला. दक्षिणेच्या दोन सरोवरांत असे चिनाम्पा नऊ ते बारा हजार हेक्टरांवर होते, असा अंदाज आहे. सारे काम लाकडी काठीने आणि हाताने.

सरोवरातले काहीच वाया जात नसे. पाण्यावरची हिरवी साय गाळून, उन्हात वाळवून तिच्या वड्या करत. आज हीच साय स्पिरुलिना या नावाने औषधाच्या दुकानात महाग गोळ्यांतून विकली जाते. पाणकिड्यांची अंडीसुद्धा ते खात. बर्नाल दियास नावाच्या स्पॅनिश शिपायाने लिहून ठेवले आहे की, बाजाराजवळ मैल्याने भरलेल्या होड्या विक्रीला उभ्या असत. कातडी कमावण्यासाठी त्याचा उपयोग होई, असे तो म्हणतो. शेताला खत म्हणूनही तो जात असावा, असे अभ्यासक मानतात.

आता गृहिणींसाठी एक गोष्ट. मक्याची पोळी, जिला आज तोर्तिया म्हणतात, ही त्यांची भाकरी. पण मका तसाच दळत नसत. रात्री चुन्याच्या पाण्यात उकळून तो भिजत ठेवायचा, सकाळी धुऊन साल काढायचे आणि पाट्यासारख्या दगडावर वाटायचा. चुन्यामुळे मक्यात अडकून राहिलेले एक जीवनसत्त्व शरीराला मिळते. युरोपियनांनी मका नेला, पण ही चुन्याची रीत नेली नाही. बायकांच्या चुलीवरचे ज्ञान नेण्यासारखे आहे, असे त्यांना वाटले नसावे. परिणाम असा झाला की, इटली आणि स्पेनमध्ये केवळ मक्यावर जगणाऱ्या गरिबांना पेलाग्रा नावाचा कातडीचा आणि डोक्याचा भयंकर रोग जडला. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला अमेरिकेच्या दक्षिण भागात तर त्याने हजारोंचे प्राण घेतले.

त्यांची पिके पोर्तुगीज-स्पॅनिश जहाजांतून आपल्याकडेही आली. मिरची, टोमॅटो, मका हे तिकडचे. टोमॅटो आणि चॉकलेट हे शब्दही मेशिकांच्या नाउआत्ल भाषेतूनच निघालेले. राजगिरासुद्धा मूळचा तिकडचा. मेशिका त्याच्या पिठाच्या देवमूर्ती करत, म्हणून स्पॅनिश पाद्र्यांचा त्या धान्यावर राग. तरी तो टिकला. आज मेक्सिकोच्या रस्त्यावर राजगिऱ्याच्या लाह्या गोडात घोळवून वड्या विकतात. त्यांना अलेग्रिया, म्हणजे 'आनंद', असे नाव आहे. आपल्या पोरांच्या हातातला राजगिऱ्याचा लाडू तिचाच भाऊ.

या मातीशी एका मराठी माणसाचाही संबंध आला. वर्ध्याचे डॉ. पांडुरंग सदाशिव खानखोजे हे गदर चळवळीतले क्रांतिकारक. इंग्रजांमुळे त्यांना मायदेशी परतता येईना. १९२४ च्या सुमारास ते मेक्सिकोत पोचले आणि जुन्या तेश्कोको सरोवराच्या पूर्व काठावरच्या चापिंगो येथील राष्ट्रीय कृषिविद्यालयात शिकवू लागले. मक्याच्या वाणांवर त्यांनी संशोधन केले आणि गरीब शेतकऱ्यांसाठी मोफत शेतीशाळा काढल्या. प्रसिद्ध चित्रकार दिएगो रिव्हेरा यांनी मेक्सिको शहरातील शिक्षण खात्याच्या इमारतीवर रंगवलेल्या एका भित्तिचित्रात, कष्टकऱ्यांच्या पंगतीत भाकरी वाटणारा माणूस खानखोज्यांच्या चेहऱ्याचा आहे. ते १९६७ साली नागपुरात वारले. २०२२ साली चापिंगोत त्यांचा पुतळा बसवण्यात आला. वर्धा-नागपूरच्या किती शाळांतल्या मुलांना त्यांचे नाव सांगता येईल?

मेशिकांचे सर्वच चांगले होते असे मात्र समजू नये. कधी काळी हुसकावले गेलेले हे लोक बळ आल्यावर दुसऱ्यांच्या मानेवर बसले. जिंकलेल्या प्रदेशांतून मका, कापड, कोको, पिसे यांची खंडणी येई. युद्धात पकडलेल्या माणसांचे बळी दिले जात. आणि जाणत्याचे न ऐकणारे राज्यकर्ते तिथेही होतेच. राजा आहुइत्सोत्लने शहरासाठी कोयोआकानच्या झऱ्यांचे पाणी वळवायचे ठरवले. या झऱ्यांचा भरवसा नाही, ते कधीही उसळतात, असे तिथल्या प्रमुखाने बजावले. राजाने त्यालाच ठार मारले. नळ बांधला गेला आणि १५०० च्या सुमारास पाणी असे उसळले की, अर्धे शहर पाण्यात गेले. पुढे स्पॅनिश फौजेला हजारो त्लाश्काला योद्धे येऊन मिळाले, ते मेशिकांच्या जाचाला विटूनच. १५२० साली देवीची साथ आली. त्यानंतर कोर्तेसने चापुल्तेपेकचा नळ तोडला, आणि १३ ऑगस्ट १५२१ रोजी शहर पडले.

जिंकणाऱ्यांना सरोवर कळलेच नाही. त्यांना घोड्यांसाठी आणि गाड्यांसाठी कोरडी जमीन हवी होती. बांध मोडले गेले, डोंगरांवरची झाडे तुटली आणि पुरांनी नवे शहर बेजार झाले. १६०७ मध्ये डोंगर फोडून पाणी खोऱ्याबाहेर काढायचे काम सुरू झाले. या कामावर जुंपली गेली ती गावोगावची मूळ रहिवासी माणसे. तरीही १६२९ चा पूर सुमारे पाच वर्षे ओसरला नाही. पुढे १९०० साली मोठा कालवा खोदला गेला आणि सरोवरे जवळजवळ संपली. आज त्या तळावर दोन कोटींहून अधिक लोकांचे महानगर आहे. जमिनीतले पाणी उपसल्याने त्याचा काही भाग वर्षाला अर्ध्या मीटरपर्यंत खचतो आहे. १९ सप्टेंबर १९८५ च्या भूकंपात सर्वांत जास्त इमारती पडल्या, त्या याच मऊ तळावरच्या. एके काळी पाण्यात उभ्या असलेल्या शहराला आता दूरच्या धरणांचे पाणी पंपांनी हजार मीटरहून अधिक वर चढवून आणावे लागते. आणि इस्तापालापासारख्या कष्टकऱ्यांच्या वस्तीत बाया टँकरच्या रांगेत उभ्या असतात.

सोचिमिल्कोत मात्र थोडे चिनाम्पा अजून शिल्लक आहेत. १९८७ साली युनेस्कोने त्यांना जागतिक वारसा ठरवले. तिथले झरे शहराने पिऊन टाकले, म्हणून कालव्यांत आता शुद्ध केलेले सांडपाणी सोडतात. रविवारी रंगीत होड्यांतून सहली निघतात, वाजंत्री वाजते. बहुतेक पाहुणे तेवढेच पाहून परततात. आतल्या कालव्यांकडे वळले तर अजूनही कोणी शेतकरी गाळ उपसून चिखलाच्या वड्या कापताना दिसतो. त्याची मुले शहरात नोकरीला जातात. मळे पडीक पडत आहेत, काहींवर फुटबॉलची मैदाने झाली आहेत.

आता दुसरीकडे वळू. हजारो किलोमीटर दक्षिणेला, आजच्या पेरू देशात, इंका लोकांपुढे अडचण उलटी होती. मेशिकांना पाणी फार, यांना सपाट जमीनच नाही. किनाऱ्यावर वाळवंट, त्याला लागून सहा हजार मीटरपर्यंत चढत गेलेला अँडीज पर्वत आणि पलीकडे ॲमेझॉनचे जंगल. राजधानी कुस्कोच ३,४०० मीटरांवर. पंधराव्या शतकात इंकांनी आजच्या दक्षिण कोलंबियापासून मध्य चिलीपर्यंत राज्य पसरवले. इथेही लोखंड नाही, चाक नाही. ओझ्याला लामा नावाचा उंटाच्या कुळातला लहानसा प्राणी. तो जेमतेम २५-३० किलो वाहतो आणि जास्त लादले तर बसकण मारतो!

डोंगर उभा असल्याचा एक फायदा त्यांनी हेरला होता. एका दिवसाच्या चालीत हवामान बदलते. खाली उबेत मका आणि मिरची, वर गारठ्यात बटाटा, त्याहून वर लामांचे कुरण. म्हणून एकाच कुळाची, ज्याला आयल्यू म्हणतात, जमीन एका ठिकाणी नसे, तर वेगवेगळ्या उंचीवर विखुरलेली असे. एका पट्ट्यात हिम पडले, तरी दुसऱ्यात काही तरी हाती लागे. बटाट्याच्या बाबतीतही तेच. अँडीजमध्ये बटाट्याचे चार हजारांवर देशी वाण आहेत. शेतकरी एकाच वावरात कितीतरी वाण मिसळून लावतो. सारे एकदम मरणार नाहीत, हा हिशेब.

उतारावर त्यांनी दगडी पायऱ्यांची शेते बांधली. भिंतीमागे तळाला मोठे दगड, त्यावर खडी, मग वाळू आणि वर खालच्या खोऱ्यातून पाठीवर आणलेली काळी माती. पाणी खाली निचरते, माती वाहून जात नाही. दगडाची भिंत दिवसा तापते आणि रात्री ऊब देते. शतकानुशतके भूकंप सोसून अशा कित्येक भिंती उभ्या आहेत. कुस्कोजवळच्या पाटाकांचा खोऱ्यात १९९० च्या दशकात जुन्या पायऱ्या आणि पाट दुरुस्त करण्यात आले, तेव्हा सिमेंट न वापरता माती, वाळू आणि निवडुंगाचा चीक वापरला. भूकंपात सिमेंटला तडे जातात, हे त्यामागचे कारण. ३,८०० मीटरांवरच्या तितिकाका सरोवराकाठी तर इंकांच्याही आधीच्या लोकांनी कालवे खणून, मधली जमीन उंच करून, पाण्याच्या उबेने पीक वाचवले होते. म्हणजे चिनाम्पाचीच युक्ती, तीही एकमेकांना न विचारता!

पिकवण्याइतकेच टिकवण्याचे डोके या लोकांनी चालवले. जूनच्या कडाक्याच्या रात्री बटाटे उघड्यावर पसरायचे. ते गोठतात. दिवसा उन्हात सैल पडले की पायांनी तुडवून पाणी काढायचे. असे काही दिवस केले की खडखडीत वाळलेला चुन्यो तयार होतो आणि तो वर्षानुवर्षे टिकतो. हाडे फोडणारी थंडी ही त्यांची शत्रू, तिलाच त्यांनी कामाला लावले. लामाचे मांस वाळवून चार्की करत. आपल्या आज्या उन्हात दोरीवर चान्या वाळवत, त्यांना ही रीत वेगळी समजावून सांगायला नको.

हा माल कोल्का नावाच्या कोठारांत जाई. वाऱ्याच्या गार उतारावर, ओळीने बांधलेली दगडी कोठारे. खाली हवा खेळायला जागा. हुआनुको पाम्पा येथे सुमारे ५०० कोठारे होती. बोलिव्हियातल्या कोतापाची येथे २,४००. इंका राज्य पैशावर चालत नसे. कर म्हणजे मजुरी. घरटी पाळी येई, तिला मिता म्हणत. रस्ते, पाट, कोठारे, राजाची शेती ही कामे पाळीने करायची आणि कामाच्या दिवसांत जेवण, पेय, अवजार राज्याने द्यायचे. सुमारे ३० हजार किलोमीटरचे रस्ते असे झाले.

काही लेखकांनी यावरून इंका राज्याला समाजवादी म्हटले आहे. मला ते पटत नाही. सरदार-घराण्यांना मिता नव्हती. राजाच्या हुकमाने गावेच्या गावे उचलून दुसरीकडे वसवली जात. कोचाबाम्बाचे खोरे हुआयना कापाक या राजाने मूळ लोकांना हलवून रिकामे केले आणि मका पिकवायला तिथे १४ हजार मजूर आणले. कोतापाचीची कोठारे भरली ती त्यांच्या घामाने. दुष्काळात या कोठारांतून लोकांना धान्य मिळे हे खरे, पण पहिला हक्क फौजेचा.

या सगळ्याचा हिशेब ठेवणारे लोक मात्र मला फार जवळचे वाटतात. आमचे आयुष्य खतावणीत गेले, म्हणून असेल. इंकांना लिपी नव्हती. त्यांचे दप्तर म्हणजे किपू: एक आडवी जाड दोरी आणि तिला लोंबणाऱ्या अनेक रंगीत दोऱ्या. दोरीवर ठरावीक उंचीवर गाठी. खाली एकं, त्यावर दहं, त्यावर शतक, अशी आपल्यासारखीच दशमान पद्धत. शून्य असेल तिथे जागा मोकळी. लेलंड लॉक या अमेरिकन माणसाने १९१२ मध्ये ही अंकांची रीत उलगडली. लिमाजवळ पुरुचुको येथे सापडलेल्या किपूंचा अभ्यास २००५ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात असे दिसले की, खालच्या पातळीवरच्या किपूतल्या आकड्यांची बेरीज वरच्या पातळीच्या किपूत उतरवलेली आहे. म्हणजे गावची वही, तालुक्याची वही आणि मेळ! हिशेबनिसाला किपुकामायोक म्हणत.

१५३२ मध्ये पिझारोच्या स्पॅनिश टोळीने राजा आताहुआल्पाला पकडले आणि राज्य कोसळले. कोठारे मात्र एका दिवसात कोसळली नाहीत. हाउहा येथल्या कोठारांवर १५४८ मध्ये, म्हणजे सोळा वर्षांनंतरही, एक स्पॅनिश फौज कित्येक आठवडे जेवली. तिथले वान्का लोक इंकांना कंटाळून स्पॅनिशांच्या बाजूने गेले होते. त्यांनी पाहुण्यांना मका, बटाटे, लामा, कापड, चपला सारे पुरवले. पण पुरवताना त्यांचे हिशेबनीस गाठी मारत होते. काय दिले त्याच्या गाठी, आणि न विचारता काय लुटून नेले त्याच्याही. १५६१ मध्ये वान्का प्रमुखांनी लिमाच्या न्यायालयात दावा लावला. त्यात जवळजवळ तीस वर्षांचा, जिन्नसवार आणि सालवार हिशेब दोऱ्यांवरून वाचून दाखवला गेला आणि स्पॅनिश कारकुनाने तो कागदावर उतरवून घेतला. तो कागद आजही अभ्यासकांना वाचायला मिळतो. त्यात एका-एका चपलेचे जोड मोजलेले आहेत.

मिता स्पॅनिशांनी बंद केली नाही. त्यांना ती फार सोयीची वाटली. १५७० च्या दशकात व्हाइसरॉय तोलेदोने तीच पाळी पोतोसीच्या चांदीच्या खाणीला लावली. इंकांच्या काळी पाळीवर जाणाऱ्याला खायला मिळे आणि तो घरी परते. खाणीतून परतणे अवघड होते. माणसे गेली, साथींनी आणखी मेली, उरलेल्यांना खाली नव्या गावांत कोंबले. वरच्या पायऱ्यांवर गवत माजले.

त्या काळची एक गोष्ट मात्र अखंड चालू आहे. आपुरिमाक नदीच्या खोल दरीवर केस्वाचाका नावाचा सुमारे २८ मीटर लांबीचा पूल आहे. तो गवताचा आहे. दोन्ही काठांवरच्या चार वस्त्या दर जूनमध्ये तो नव्याने बांधतात. प्रत्येक घराने ठरलेली दोरी वळून आणायची. ती बहुधा बायका वळतात. मग तिचे पीळ घालून मांडीएवढे दोर होतात आणि ते पलीकडे ओढून ताणतात. जुना पूल तोडून नदीत सोडतात. बायकांनी पुलाच्या कामापाशी येऊ नये, अपशकुन होतो, असा तिथे समज आहे. दोरी मात्र त्यांच्याच हातची! तीन दिवस काम, चौथ्या दिवशी जेवण आणि नाच. २०१३ साली युनेस्कोने या रिवाजाची नोंद घेतली. जवळच गाड्यांसाठी लोखंडी पूल आहे, म्हणजे गरजेपुरते पाहिले तर हा बांधलाच पाहिजे असे नाही.

२०२० साली कोरोनामुळे लोक जमू शकले नाहीत. पूल नवा झाला नाही आणि मार्च २०२१ मध्ये जुने दोर तुटून तो दरीत कोसळला. जूनमध्ये चारही वस्त्या पुन्हा दोन्ही काठांवर जमल्या. घराघरांतून वळलेल्या दोऱ्यांची भेंडोळी आली आणि पूल पुन्हा ताणला गेला.